पैंजणचा ताप

बोरगावच्या शर्यतीत एक परका घोडा
हौदात तोंड घालून शिंकला.
एवढंच. आम्ही हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी भोजमध्ये, गोठ्यात,
पैंजण खोकली.
कोरडं. फुगलेलं दार कुणी लाथेनं ढकलावं तसं.
नाकातून पाणी. कडब्याकडं बघायची,
मग आमच्याकडं.

हिरेमठ डॉक्टर चिकोडीहून आले.
शेपटीखाली थर्मामीटर: एकशेचार.
"वैरस इदे," असं स्वतःशी,
मग मराठीत, अप्पाशी:
"ताप जितके दिवस, तितके आठवडे
जू नाही. टापसुद्धा नाही."

बिडीच्या कॅलेंडरमागं मी लिहीत गेले.
एकशेचार. एकशेचार. एकशेतीन. एकशेदोन.
पाचव्या दिवशी शंभर.
सदलग्याची शर्यत पाच दिवसांनी हुकत होती.

दिवाणला काहीच झालं नाही.
बैलाला हा ताप लागत नाही म्हणे,
म्हणून तेवढाच तिच्या शेजारी राहिला,
तिची बादली मात्र वेगळी, फडकं वेगळं.
भरमाचं शिंगरू दूधगंगेपलीकडं, मामाच्या मळ्यात.

आई लिंबाच्या पाल्याची धुरी घेऊन निघाली,
तिला दारातच अडवलं.
कडबा भिजवून घालायचा, धूळ उडू द्यायची नाही.
आमच्या घरात कुणाच्या छातीची
एवढी बडदास्त
मी पहिल्यांदा बघत होते.

बाळेशाकाका म्हणाला, "खोकला गेलाय की. जुंप."
तिनंही घुंगरं ऐकून पाय आपटला,
गाढवीण, तिला काय कळतंय.
अप्पानं तिच्या बरगड्यांना कान लावला,
खूप वेळ. वखारीत पोत्याला कान लावून
पानाचा ओलावा ओळखतो ना, तसा.
"न्हाई," म्हणाला.

पण दिवाणची धाव मोडायला नको.
म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे
अप्पानं जुवाची मोकळी बाजू
स्वतःच्या खांद्यावर घेतली
आणि मळ्याच्या वाटेनं पळत सुटला.
बैल एकीकडं, माणूस एकीकडं,
कट्ट्यावरची पोरं शिट्ट्या मारतायत,
दिवाण मान वळवून बघतोय,
ही कसली घोडी.

पिंपळापाशी दोघं थांबले.
अप्पा वाकला, गुडघे धरले,
आणि तंबाखूची वीस वर्षं
एका दमात बाहेर यायला लागली.

गोठ्यात पैंजणनं कान टवकारले.
हा खोकला तिचा नव्हता.