फाइल ०२१३

पाकिटात प्लेअर, काडेपेटीएवढा,
आणि चौकटींच्या कागदावर तिचं अक्षर:
"बाबा, मेलाय. बघ जमतंय का."
आयर्लंडचा शिक्का. कागदाला ओल्या मातीचा वास,
की तो मीच लावला, सांगता येत नाही.
मशरूमच्या शेडमध्ये कपाळाला दिवा बांधून खुडतात म्हणे.
कानात काही नसलं तर दहा तास फार लांब.

कसा मेला, ते मला ठाऊक आहे.
पहाटे चारला बस पेट्रोल पंपापाशी उभी,
ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढेना,
आणि पडद्यावर हिरवी पट्टी सरकतेय, त्रेसष्ट टक्के.
उग्नेनं वायर उपटली.
"एवढी पुरतील," म्हणाली.

संगणक तिच्याच खोलीत. खुर्ची मला बुटकी.
प्लेअर लावला की टिंग वाजतं, मग चौकट येते:
डिस्क फॉर्मॅट केलेली नाही. आता करायची का?
क्लायपेदाच्या धक्क्यावर सव्वीस वर्षं क्रेन चालवतोय,
इतकं कळतं की कुणी इतक्या नम्रपणे विचारलं
तर नाही म्हणावं.
नाही.
नाही.
नाही.

वायर बदलली. मागचं भोक, पुढचं भोक.
वरच्या मजल्यावरून झेनोनास चपला फटफटवत आला,
टीव्ही दुरुस्त करायचा तो, टीव्ही दुरुस्त होत असत तेव्हा.
टाचणीनं पाठीवरचं बारीक छिद्र दाबलं, दहा मोजले,
मग म्हणाला, फ्रीजमध्ये ठेवून बघू.
ठेवला, लोण्याशेजारी.
रेगिना बेकरीतून आली, लोणी काढलं,
प्लेअर पाहिला, काही न बोलता दार लावलं.
गार झाला, एवढंच.

शेवटी काळी खिडकी उघडून त्यानं
एका बोटानं एक ओळ टाइप केली.
पांढरी अक्षरं रात्रभर वर चढत राहिली.
सकाळी सगळं परत आलं होतं,
फक्त नावं नव्हती.

फाइल ०००१ ते फाइल ०३८८.
गाणारं कोण, गाणं कुठलं, नाव नाही गाव नाही.
धक्क्यावर येतात कधी असे कंटेनर,
खाऱ्या वाऱ्यानं नंबर खाल्लेले.
कागद नसला की कस्टमवाले हात लावत नाहीत;
कडेला उभे राहतात, खालून गवत उगवतं.
हे मात्र उघडता येत होते.
शेपटीला तीन अक्षरं चिकटवायची, की वाजायचे.

मग रोज शिफ्ट संपली की दहा-बारा.
ऐकायचं, वहीत लिहायचं:
मुलगी ओरडते, ढोल.
हे आंघोळीला जाताना लावायची.
हे दार आपटल्यावर.
हे कधी ऐकलंच नाही, हळू आहे, हेडफोनातलं असणार.

०२१३ मध्ये संगीत नाही.
घरघर. वाटलं, ही कामातून गेली.
जहाज नांगराची साखळी ओढतंय तसं काहीतरी,
थांबतं, गुदमरतं, पुन्हा ओढतं.
मग दाबलेलं हसू, अगदी जवळ,
आणि कुजबुज: "थांब, आई, अजून एक येतोय, ऐक."
मागे रेगिना, तोंडावर हात धरून हसल्यासारखी.

चाळीस सेकंद.
दिवाणावर मी झोपलोय.
असा वाजतो मी. सांगितलं नव्हतं कुणी.

तिनं याला काहीतरी नाव दिलं असणारच,
बापाच्या तोंडावर घेता येणार नाही असं.
रविवारी फोन आला, कार्डावरची अकरा मिनिटं.
पगार, पाऊस, खोकला.
विचारायचं होतं.
"जमतंय का, बाबा?"
"जमतंय," म्हटलं. "वेळ लागेल."

बाकीच्यांना मी नावं दिली, सुचली तशी. हसेल ती.
या एकीला हात लावला नाही,
नंबरासकट परत भरली, दोनशे बाराच्या मागे.
त्रेसष्टला पट्टी जराशी अडखळली.
मी हात मांडीखाली घेऊन बसलो.

शंभर.
घड्याळाशेजारच्या हिरव्या बाणावर टिचकी मारली.
आता काढायला हरकत नाही, असं पडद्यानं सांगितलं.
पाकिटावर पत्ता लिहून होईपर्यंत
मी वायर तशीच राहू दिली.