विसण

चुलीमागच्या फळीवर वॉल्टरनं खडूनं लिहून ठेवलंय:
शेवटची किटली पंपाची.
खाली, बारीक अक्षरात:
ओडेट, हे तुलासुद्धा.
लिहिणारा गेला त्याला तीन हिवाळे झाले.
फळी पुसताना मी तेवढी जागा सोडते.

आज उणे एक्केचाळीस.
टेस्लिन तळं रात्रभर कण्हत होतं.

इथं पाणी हवं असेल तर आधी पाणी द्यावं लागतं.
निजण्याआधी पंपाचा घसा रिकामा करायचा,
नाहीतर लोखंड तडकतं.
सकाळी त्याच्या तोंडात किटलीभर गरम ओतायचं,
आतलं चामडं फुगेपर्यंत थांबायचं,
मग दांडा. अठरा वेळा, वीस, कधी तीस,
आणि जमिनीखालून एक ढेकर येते.

बर्फ वितळव म्हणतात गावातले.
कोरड्या पातेल्यात नुसता बर्फ टाकला तर तो करपतो.
हसू नका, करपतो,
दुधासारखा बुडाला लागतो आणि चहाला धुराची चव येते.
तळाशी दोन बोटं पाणी आधी लागतंच.
म्हणजे फिरून तिथंच.

एका वर्षी आम्ही श्रीमंत होतो.
वॉल्टरनं धुराड्याभोवती तांब्याची नळी गुंडाळली,
वर पिंप, खाली तोटी,
आणि मी भर जानेवारीत मानेपर्यंत पाण्यात बसून
संत्रं खाल्लं.
पुढं आम्ही तीन दिवस व्हाइटहॉर्सला गेलो, चूल विझली.
परत आलो तर नळी काकडीसारखी उभी चिरलेली.
तो काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी फळीवर खडू उमटला.

तेव्हापासून एक आधण, पाच कामं:
तोंड, मग बश्या, मग मोजे, मग जमीन,
उरलेलं दारातून भिरकावायचं.
खाली काही पडत नाही,
एक ढग तेवढा पांढरा होऊन सरकतो.

परवा रात्री कुत्रा भुंकला.
दारात एमोस, सरपणवाल्या जॉनीजचा धाकटा,
एकोणीस वर्षांचा.
स्नोमोबिल सहा मैलांवर बंद पडलेली,
एक हातमोजा हरवलेला,
उजव्या हाताची बोटं मेणबत्त्यांसारखी.
टेबलावर आपटली तर लाकडाचा आवाज आला.

तो चुलीकडं निघाला, मी आडवी झाले.
शेकायचं नाही. कढत पाणीही नाही.
तान्ह्या मुलाला न्हाऊ घालतो तसं हवं,
कोपर बुडवून बघायचं.

घरात पाणी एकच होतं, उकळतं.
फळीवरची अक्षरं मी वाचली
आणि किटली घंगाळात उपडी करू लागले.

मग उंबऱ्यावरून मूठभर बर्फ. आणखी अर्धी मूठ.
जन्मभर मी पाणी गरम करत आले,
त्या रात्री पहिल्यांदा विसण घातलं.
विसणाला इथं काय तोटा,
आभाळापासून उंबऱ्यापर्यंत सगळं विसणच.

पाणी निवत गेलं तशी मी किटली तिरपी करत गेले,
एक धार, कोपर, एक धार.
बोटांत रक्त परतलं तेव्हा तो ओरडला,
मला शिव्या दिल्या, आईला हाक मारली,
परत मला शिव्या.
मी मनगट सोडलं नाही.
दोनच्या सुमाराला किटली खडखडली. आत नुसता चुना.

सकाळी बोटांवर फोड, पण फोडांखाली गुलाबी.
पंप गप्प.
घंगाळात कालचं पाणी, वर साय धरावी तसा बर्फ,
त्यात ग्रीस, कातडीचे पापुद्रे, थोडं रक्त.
मी ते तसंच चुलीवर चढवलं.
पंपाला कुठं प्यायचंय?

ओतलं. थांबले.
दांडा मारू लागले तसा खाटेवरून,
पट्ट्या बांधलेला हात छातीशी धरून,
एमोस मोजायला लागला.
तेवीस. चोवीस.
माझा दम संपला तरी त्याचा आकडा थांबेना,
सत्तावीस, ओडेट, अठ्ठावीस,

आणि ढेकर.

आधी गढूळ, मग गंजाचं, मग स्वच्छ.
पहिली किटली भरून बाजूला ठेवली.
मग त्याला विचारलं, चहा?