पेन्सिलीने

कुतायसीत त्सियाला पहाटे चारला
भट्टीच्या तोंडात कमरेपर्यंत वाकते,
आतल्या भिंतीला पाव थापते.
एकतीस वर्षं.

उभ्याने काढलेल्या एक्स-रेत
चौथा मणका पाचव्यावरून जरासा पुढे,
उंबऱ्यावर थबकलेल्या पाहुण्यासारखा.
मी म्हटलं, वाका.
वाकली, तसा आणखी चार मिलिमीटर सरकला.

एवढ्यावरून सुरी उचलायची नसते.
किती चालता?
"पुलाच्या मध्यापर्यंत. मग पाय शिशाचा होतो.
कठड्यावर ओणवी झाले की उतरतं."
व्यायाम झाले, इंजेक्शनं झाली.
गेल्या वर्षी पूल पार व्हायचा.

"छेद केवढे?"
बोटाच्या पेराएवढे. चार.
"म्हणजे काम छोटं."
नाही, दार छोटं.
आत स्क्रू तेच, सळ्या त्याच,
हाडाने हाड धरायचे महिनेही तेच.

हाडांच्या घनतेचा रिपोर्ट यायचाय.
भुसभुशीत मातीत खुंटी टिकत नाही,
हे तिला सांगावं लागलं नाही;
भट्टी तिने स्वतः लिंपलीय.

"नंतर वाकता येईल? तेवढं?"
माहीत नाही, म्हटलं.
बराच वेळ ती आपल्या भाजल्या मनगटांकडे बघत राहिली.
"पुतण्याचे हात लांब आहेत," म्हणाली.

पंधरा मार्चवर तिचं नाव लिहिलं,
पेन्सिलीने.