भरावाचा हिशेब

उन्हाळा एकोणीसशे बासष्टचा. जॉर्जियातलं टॅलमन गाव.
नगरपालिकेत मी सुट्टीपुरता लागलो होतो,
तासाला सव्वा डॉलर, डोक्यावर पंखा, कॉफी फुकट.
क्राइटनसाहेबांनी टेबलावर नकाशा उलगडला
आणि म्हणाले, पोरा, याचं घनफळ काढ.

लांबी एकशे पासष्ट फूट, रुंदी पंच्याहत्तर,
खोली सरासरी साडेपाच.
कोर्टाचा निकाल मंगळवारी आला होता:
तलाव गावाचा आहे, तर सगळ्या गावाचा.
बुधवारी कौन्सिल बसली.
गुरुवारी बूच काढलं.
तीन दिवस पाणी घळाघळा ओढ्याकडे जात राहिलं,
ओढा कुणाला, कुणाचा म्हणून विचारत नाही.

'बाटणं' याला इंग्रजीत शब्द नसेल, असं मला वाटायचं.
त्यांना तो लागलाच नाही.
ते म्हणाले क्लोरीन, म्हणाले आरोग्य, म्हणाले विम्याचा हप्ता,
आणि मला ऐकू येत होती
आमच्या गावची विहीर,
जिच्या काठावर कावळा बसलेला चालायचा
आणि माझी आई पायरीखाली घागर ठेवून
वरून कुणी ओतेल का, म्हणून दुपार काढायची.

इथे मला मुभा होती.
पासपोर्ट, युनिव्हर्सिटीचं पत्र, हिंदुस्थानचा पाहुणा.
बूच काढायच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले होते,
तू पोहून घे हवं तर. अगदी मनापासून म्हणाले होते.
मी काठावर बसून पाय बुडवले.
पोहता येत नव्हतं. शिकणार कुठे?

गाव तेव्हा मजेत होतं, खरंच मजेत.
कारखान्यात अडीच मिनिटाला एक फ्रिज तयार व्हायचा,
दारोदार पंख फुटलेल्या मोटारी,
हिरवळीवर आपले आपण गरगरणारे फवारे,
आणि बँक स्वतः पत्र धाडून विचारायची, कर्ज हवंय का.
त्या कर्जातून त्या उन्हाळ्यात
परसं खणली जात होती.
छत्तीस बाय अठरा, निळी फरशी, भोवती कुंपण.
एक क्राइटनसाहेबांचंही.

घनफळ आलं पंचवीसशे वीस यार्ड.
'माती कोठून आणावी' या रकान्यात
चौथीच्या गणितासारखं उत्तर होतं:
एका परसातून निघते एकशे बत्तीस,
म्हणजे एकोणीस परसांत एक तलाव.
बारा यार्ड कमी पडत होते,
ते मी ओढ्याच्या काठावरून दाखवले.
खाली सही केली. अक्षर माझं चांगलं आहे.

ट्रक लेम्युअल टार्पली चालवायचा.
खेपेला पाच यार्ड, एकूण खेपा पाचशे चार.
कोर्टाच्या कागदावर ज्या मुलांची नावं होती
त्यात सातवं नाव त्याच्या व्हर्लीनचं.
तो गाडी मागे घ्यायचा, हौदा उचलायचा,
मी वहीत रेघ मारायचो.
एकदाच बोलला. ढेकूळ हातात चुरत म्हणाला,
ही बघ, क्राइटनकडची. काय मऊ आहे.
भुईमूग छान आला असता हिच्यात.

सप्टेंबरात वर गवत पेरलं.
शिडीचे दोन चकचकीत, वाकलेले कठडे
कापायचे राहून गेले,
माझ्या यादीत ते आलेच नव्हते.

गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी पाहिलं:
शाळेचे बूट बाजूला जोडून ठेवलेले,
दोन्ही हातांनी कठडे धरून
व्हर्लीन पाठमोरी उतरत होती,
पोहणारे उतरतात तशी,
आधी एक पाऊल, चाचपत.
गवत.
तरी तिने श्वास
धरून ठेवला होता.