कोणता पाय

दुसरा आणि चौथा शनिवार पप्पांचा.
सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा
असं कागदावर आहे, शिक्क्यासकट.
डोंगराबद्दल कागदात काहीच नाही,
म्हणून आम्ही लळिंगला गेलो.

पप्पांनी डेपोतले बूट घातले होते,
पुढे लोखंड असलेले, ग्रीसच्या वासाचे.
मी शाळेचे पांढरे.
पिशवीत देवपूरची बाटली, मोहाडीची बाटली
(दोन्हींची चव मी गुपचूप घेतली, सारखीच),
कळण्याच्या भाकरी, ठेचा,
आणि मम्मीनं दिलेली शेव.
"वाटेत खा," म्हणाली.
कोणी, ते नाही सांगितलं.

महादेवाच्या मागून वाट चढते.
जानेवारीतलं पिवळं गवत,
कुसळं मोज्यात शिरून बसतात.
पप्पा दर वळणावर थांबायचे.
"मी नाही थकलो, तूच थकली असशील."
मी म्हणायचे, हो.
"चाल वं माय, डोंगर काई पयी जास नही."
अहिराणी ते खूश असले की बोलतात,
नाहीतर काही लपवायचं असलं की.

वर टाक्यात हिरवं पाणी,
त्यात आमची दोन डोकी उलटी.
तटावरून धुळं दिसतं, धुरकट, ट्रकांच्या पलीकडे.
मी एक डोळा मिटला, अंगठा समोर धरला.
देवपूर, पांझरा, मोहाडी
सगळं एका नखाखाली मावलं.
पप्पांना सांगितलं नाही.
त्यांनीही एक डोळा मिटला होता,
पण ऊन होतं म्हणूनही असेल.

बोरं खाल्ली. बी कोण लांब फेकतो.
मी जिंकले, तीनदा.

मग साडेतीन वाजले.
उतरलं की बस,
बस की पाच कंदील,
पाच कंदील की रिक्षा,
रिक्षा की सहा.
मी दगडावरून घसरले.
म्हणजे आधी ओरडले, मग बसले.
"मुरगळला."
पप्पा गुडघ्यांवर आले,
इंजिन बघतात तसा पाय बघितला,
फिरवला, जवळजवळ कानच लावला.
काही बोलले नाहीत.
खिशातला निळ्या चौकड्यांचा रुमाल काढून
घट्ट बांधला. डाव्या पायाला.

अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं,
मी उजव्यानं लंगडतेय.
त्यांच्या कधी आलं, माहीत नाही.
त्यांनी मला पाठंगुळी घेतलं.
मी सहावीत आहे.
पाठीत त्यांचा श्वास वाजत होता,
घाट चढणाऱ्या एसटीसारखा,
आणि आम्ही तर उतरत होतो.
"खाली ठेवा," म्हटलं.
ठेवलं नाही.

हायवेवर एकही बस थांबेना.
पावणेसहाला फोन वाजला,
स्क्रीनवर नाव आलं: घर.
"पोरीचा पाय मुरगळला. उशीर होईल."
तिकडून बराच वेळ काही नाही,
नुसती कुकरची शिट्टी.
मग मम्मीनं विचारलं, "कोणता?"
पप्पांनी माझ्याकडे बघितलं.
मी बुटाच्या नाडीकडे.
"दोन्ही," ते म्हणाले.
दुसरी शिट्टी.
"मग सावकाश या."

आठ वाजता मम्मी फाटकात उभी होती.
तोंडाकडे नाही, आधी पायांकडे बघितलं.
पप्पा गटाराच्या अलीकडेच थांबले,
"शेव चांगली होती," म्हणाले,
तिला की रस्त्याला, कळलं नाही.
रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

रात्री कोमट तेलाची वाटी घेऊन बसली.
उजव्या पायाला लावलं, बोटाबोटांत.
विचारलं काहीच नाही.
डाव्याचा रुमाल मात्र सुटेना.
मी म्हटलं, कात्री आणू?
"चांगला रुमाल आहे, कापायचा कशाला,"
म्हणाली,
आणि चष्मा कपाळावर सरकवून
दातांनी गाठ सोडवत बसली.