एक काढ, एक लाव

रविवार, सकाळचे साडेसहा.
वाडीत ऊन एवढ्यातच दुसऱ्या पायरीवर.
बोनेटला हात लावून बघते: अजून थंड आहे.
नऊनंतर या पत्र्यावर पोळी भाजता येईल.

चार वायरी, लालभडक, सिलिकॉनच्या.
घाट रोडच्या हफीजभाईंनी पेपरात गुंडाळून दिल्या,
पावतीवर लिहिलं, "इस्पार्क वायर, १ सेट, लाल",
आणि वर तोंडी:
"मॅडम, नव्या गाडीले वायर कायले?
आता तं कॉइल सीधी प्लगावरच बसते."
माझ्या गाडीला आहेत.
नवीच आहे ती, फक्त इतकी नवी नाही.
(माझ्यासारखी, असं लिहिणार होते. राहू दे.)

बाबा प्लास्टिकची खुर्ची ओढत आले.
एकतीस वर्षं ऑर्डनन्समध्ये फिटर.
डावा कान तिकडेच जमा करून आले,
उजवा अर्धा कूलरनं खाल्ला.
हातातला कप बशीवर वाजतो आताशा,
म्हणून पाना माझ्याकडे,
आणि बोलणं त्यांच्याकडे.

"कंपनीच्या काय वाईट होत्या?"

झटके खाते हो गाडी, बाबा.
परवा रात्री लाइट गेली, तेव्हा
चालू इंजिनावर फवारा मारला,
आपला कूलरच्या वाळ्याचा,
तर दोन नंबरच्या वायरीवरून
निळं काहीतरी सरपटत होतं,
चिट चिट करत, बारीक,
जिथं जायचं तिथं न जाता.
भ्यायले.
पण टॉर्च लावावासा वाटला नाही.

"चारी एकदम नको काढू व पोरी.
एक काढ, एक लाव.
सगळ्या ओढल्या का मंग
कोनाचं घर कोनतं, कोनालेच आठवत नाही."

वायर धरून ओढायचं नाही, टोपी धरून.
आधी पीळ द्यायचा, मग ओढ.
आठ उन्हाळ्यांत रबर प्लगला असं चिकटलं होतं
की पहिली सुटताना माझं कोपर
बॅटरीवर आपटलं, आणि बाबा हसले,
दातांची कवळी आत विसरून आलेलं हसू.

एक. टिक.
तीन. टिक.
चार नंबरची वायर वीतभर जास्त.
"सगळ्या गाड्यांना बसते" असं खोक्यावर छापलेलं,
म्हणजे मापाची कोणालाच नाही.
उरलेली लांबी कुठं ठेवायची
हे कोणत्याच खोक्यावर छापत नाहीत.
दोनदा वळवली, क्लिपखाली दाबली,
तापत्या पाइपापासून लांब.
दोन.

चावी फिरवली. गाडी चालू, पण लंगडी.
बाबा उठले.
लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाला टेकवलं
आणि मूठ कानाला नाही, कानामागच्या हाडाला.
डोळे मिटले.
हात थरथरत होते, पण इंजिनही थरथरत होतं,
त्यामुळे कोण कोणाला हलवतंय
ते कळायला मार्ग नव्हता.

"दोन नंबर बोलून नाही राहिला."

बंद केली. टोपी पुन्हा दाबली,
अंगठ्याच्या मुळापर्यंत जोर लावून,
आणि आता कुठं आतून
टिक.
ती त्यांना ऐकू आली नाही. मला आली.
तरी मान त्यांनीच हलवली आधी.

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा तीन दिवस जळतच राहिला.
गाडीत कॉम्प्युटर आहे ना, त्याचा लगेच विश्वास बसत नाही.
चौथ्या दिवशी, व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर,
मी बघत नसताना विझला.

काळ्या तीन वायरी कॉफीच्या डब्यात.
"लागतात कधी," म्हणे.
चौथी, तीच, निळं गळणारी,
बाबांनी गच्चीवर कारल्याच्या मांडवाला बांधली.
गाठ मला मारायला लावली
आणि दोनदा सोडवून घेतली,
ढिली होती म्हणून.