कौल

ठराववही सात दिवस माझ्या घरात होती.
मास्तर म्हणाले, तुमची सही राहिलीया, सावकाश करा.
म्हणून वही रेशन कार्डाच्या पिशवीत,
खिळ्याला.

कायदा असा आहे म्हणे :
समितीत चारातले तीन पालक, निम्म्या बायका.
म्हणून मी. म्हणून तुळसा,
म्हणून धोंडूबाई, जी सूप घेऊनच येते
आणि बैठक संपेपर्यंत शेंगा निवडते.
आम्ही सह्या करतो. चहा येतो.
खानापूरहून साहेब आले तर खारी.

वही कन्नडात.
मला कन्नड येतं, कानाने.
कौलांच्या कारखान्यात बावीस वर्षं
मल्लव्वाच्या शेजारी माती थापली;
भांडण, बाळंतपण, पगारवाढ, सगळं त्याच भाषेत झालं.
अक्षरं मात्र मला
कढईतल्या भज्यांसारखी, सगळी गोल.

रवळू चौथीत. मराठी शाळा, पण कन्नडचा तास असतो.
त्याला अक्षर येतं, अर्थ नाही.
मला अर्थ येतो.
मंगळवारी चुलीपाशी म्हटलं, वाच रे.
बोट ठेवून, घाट चढणाऱ्या गाडीसारखा :
"एरडु... साविरद... ना-नूरु... हंचु."
तव्यावरची भाकरी करपली.
"आई, हंचु म्हणजे?"
कौल.
दोन हजार चारशे कौलं, बाळा. तुझ्या डोक्यावर.
"ओ-प्प-ला-यि-तु."
म्हणजे मान्य केलं.
"कुणी?"
खाली सहा सह्या. सातवी जागा मोकळी.

सकाळी शिडी लावली.
कौल मला कुणी शिकवू नये.
चांगलं भाजलेलं बोटाने वाजतं, जुनं खोकतं.
उलटून शिक्के बघितले :
माझ्या लग्नाआधी बंद पडलेला कारखाना.
नवी एकोणीस.

साहेब म्हणाले, इस्टिमेट असतंय, बिल असतंय,
तुम्हाला हो कशाला?
मास्तर चपलेचा अंगठा बघत बसले.
मास्तर वाईट नाहीत.
बदली जवळ आली की माणूस हळू बोलतो.
मग साहेब खुर्ची पुढे ओढून, मायेने :
मराठी शाळेचं हे. बाहेर गेलं तर
उगाच भाषेचं होऊन बसेल, बघा.

दारात मल्लव्वा उभी होती, न बोलावता.
तिची नात पलीकडच्या खोलीत, कन्नड शाळेत.
भिंत मधे आहे, छप्पर एकच.
"नीरु नीरे री," ती म्हणाली. पाणी ते पाणीच.
धोंडूबाईचं सूप थांबलं.

मी पदराखालचं कौल काढून वहीवर ठेवलं,
शिक्का वर.
आमच्यात कौल देवळात मागतात;
गुरव कळे लावतो, उजवं पडलं की हो.
इथे कोण लावणार?
सातव्या जागेवर मराठीत लिहिलं :
मोजली. एकोणीस.
आणि सही.
"हे असं चालत नाही," साहेब म्हणाले,
पण त्यांना खोडता येईना. शाई माझी होती, पान त्यांचं.

वही तालुक्याला गेलीय. उत्तर नाही.
कौल परत आलं, ते दाराला टेकवून ठेवते, वाऱ्याने आपटतं.

काल रवळूने विचारलं,
जबाबदारीला कन्नडात काय म्हणतात?
जवाब्दारी, म्हटलं. तोच शब्द आहे रे.
त्याला पटेना. पाटीवर गोल अक्षरांत लिहून बघितला.
मी पीठ मळत होते. वाकून वाचला.
पहिल्यांदाच, एकटीने.